गाडीच्या आतला आवाज

प्रिय भिंगरी,

देवापुढे दिवा लावला, तुझ्यासाठी दोन शब्द मागितले आणि मग लिहायला बसले. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. ‘बाबांचा विषय काढणार असशील तर ठेवते’ म्हणतेस आणि खरंच ठेवतेस. कागदाला तसं करता येत नाही. फाडलास तरी वाचून झाल्यावरच फाडशील, एवढं मी तुला ओळखते. तेव्हा सगळं वाच. आधी गंमत आहे, मग कामाचं आहे. मधलं गाळून शेवटावर उडी मारू नकोस. गोष्टीच्या पुस्तकांचं तू लहानपणी तेच करायचीस, आणि मग मधे काय झालं म्हणून माझं डोकं खायचीस.

तर बातमी ही, की आपल्याकडे गाडी बघणं चालू आहे. म्हणजे बघते मी, तुझे बाबा नुसते सोबत येतात. ‘आपलीला काय झालंय?’ हा त्यांचा एकच प्रश्न, आणि आपलीला काय व्हायचं राहिलंय हा माझा. डावीकडचं मागचं दार आतून उघडत नाही, त्यामुळे तिथे बसणाऱ्याला कुणीतरी बाहेरून येईपर्यंत देवाचं नाव घेत बसावं लागतं. पायाखालच्या पत्र्याला भोक पडलंय, त्यातून रस्ता पळताना दिसतो. तू शाळेत असताना तिचं नाव डबडं ठेवलंस ते काही उगीच नाही. सुरू केली की समोरच्यांचं मांजर कुंपणावरून थेट छपरावर जातं. मी काटकसरी बाई आहे, उशीचा अभ्रा फाटला तर त्याची पिशवी करते, पिशवी फाटली तर फडकं करते. पण डबड्याचं आता पुढे काहीच करता येण्यासारखं नाही. तूही म्हणाली होतीस की तुमच्या कारखान्यात घरच्यांना गाडी सवलतीत मिळते. मी ते यांच्यापुढे ठेवलं. तर म्हणाले, ‘ती नको.’ का नको ते सांगेनात. आणि ‘ती’ म्हणजे कोणती, हे तुला सांगायला नको. तीच, ज्या गाडीत बसवून तू त्यांना फिरायला नेलं होतंस.

त्या दिवसाचं मी पुन्हा उगाळत नाही, पण एकदा सरळ ओळीत मांडते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तू मला आधी सांगितलंस, स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून. तुमच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटा आखणारा तो, त्याची बायको देवाघरी गेलेली, घरी त्याची छोटी, आणि तुला त्या दोघांच्या घरात जायचंय. चहाला उकळी येईपर्यंत मी गप्प होते, आणि उकळी आल्यावर हो म्हटलं. तुला वाटलं घाईत म्हटलं. मी चहाही घाईत करत नाही. फक्त एक सांगितलं, की बाबांना तुझ्या तोंडून कळू दे, माझ्या नको. म्हणून तू त्यांना त्या नव्या गाडीत घेऊन गेलीस. ती गाडी आतून शांत करण्यात तुझी दोन वर्षं गेली होती. चाकांचा, वाऱ्याचा, इंजिनाचा आवाज कुठून आत शिरतो ते मोजून मोजून तुम्ही तो अडवलात. जाताना म्हणालीस, ‘आई, घरात मिक्सर, नळ, टीव्ही. त्या गाडीत कुजबुजलं तरी ऐकू येतं. तिथेच सांगते.’ आणि परत आलीस ती उतरलेला चेहरा घेऊन. तू सगळं सांगितलंस, हळू आवाजात, समोर रस्त्याकडे बघत. ते समोर बघत राहिले, मान हलवली आणि म्हणाले, ‘गार मस्त करते गं ही.’ बस. तू जेवलीसुद्धा नाहीस. निघताना मला देवापुढे उभं करून शपथ घातलीस, की आई, तू मधे पडायचं नाहीस, माझ्याबद्दल त्यांना एक अक्षर सांगायचं नाहीस, त्यांना बोलायचं असेल तर ते बोलतील. दिवा समोर होता. मी हो म्हटलं. तेव्हापासून तू त्यांच्याशी बोलत नाहीस, आणि त्यांनी फोन उचलला तर ते ‘थांब हं, आईला देतो’ म्हणून माझ्या हातात देतात. तू म्हणतेस, बघ, टाळतात मला. मलाही तसंच वाटत होतं. एकदा मी विचारलं, की त्या दिवशी गाडीत लेक काय बोलली? एवढं विचारणं शपथेत बसतं. तर म्हणाले, ‘कामाचं काहीतरी सांगत होती,’ आणि पेपर तोंडापुढे धरला. मी त्या रात्री भाजीत मीठ घातलं नाही. त्यांनी मुकाट्याने खाल्ली. त्याचाही मला रागच आला.

मग मी मनाशी ठरवलं, की गाडी घ्यायची ती शांतच घ्यायची. तुझी नको म्हणतात, तर दुसऱ्या कुणाची. शपथेत मला बोलायची बंदी आहे, गाडी घ्यायची नाही. तू आलीस की तुम्हा दोघांना त्यात बसवायचं, आणि अर्धं राहिलेलं बोलणं पुरं करून या म्हणून पिटाळायचं. घरात त्यांना पेपर आड धरायला सापडतो, गाडीत सापडणार नाही. हे माझं गणित. आता शांत कोणती हे विकणाऱ्याला विचारण्यात अर्थ नव्हता, तो आपल्या दुकानातलीच सांगणार. पण माझी लेक हेच काम करते आणि मी काही तुझ्या सुट्ट्यांमध्ये नुसत्या पोळ्या लाटत बसले नव्हते, ऐकतही होते. तू माझ्या फोनमध्ये आवाज मोजायचं ते अ‍ॅप घालून दिलं होतंस, शेजाऱ्यांच्या पंपावरून भांडण झालं तेव्हा. ते उघडलं. तुझे नियम आठवले. रस्ता एकच, वेग एकच, काचा बंद, पंखा बंद, गाणी बंद, आणि फोन मांडीवर ठेवायचा नाही, माणसाच्या कानाशी धरायचा, कारण गाडीचा आवाज मांडी ऐकत नाही, कान ऐकतो. फोनचा आकडा काही तुमच्या यंत्रासारखा खरा नसतो, पण एकाच फोनने सगळ्या मोजल्या तर फरक खरा निघतो, हेही तूच सांगितलंस. फक्त एक गोष्ट मला आजही पटलेली नाही, की साठाचे सत्तर झाले तर कानाला ते दुप्पट वाटतं. घरखर्चाचा असा हिशेब मी ठेवला असता तर तुझ्या बाबांनी मला माहेरी पोचवलं असतं.

रस्ता ठरवला पाण्याच्या टाकीपासून पुलापर्यंतचा. पहिला अर्धा गुळगुळीत, दुसरा खडबडीत, म्हणजे दोन्ही परीक्षा एका फेरीत, आणि पेट्रोल दुकानवाल्यांचं. पहिली पांढरी गाडी. तिचा विकणारा टाय लावलेला, तोंडात सारखी लवंग. बाबा पुढे त्याच्या शेजारी, मी मागे, हात लांब करून फोन यांच्या कानाशी धरलेला. टायवाल्याने गाणी लावली, मी बंद करायला लावली. त्याने पंखा लावला, मी बंद करायला लावला. म्हणाला, ‘काकू, मग दाखवू काय?’ म्हटलं, गाडी दाखवा. बिचारा घाम पुसत चालवत होता. गुळगुळीत रस्त्यावर फोनचा आकडा पासष्ट, खडबडीत लागल्यावर बहात्तर. चाकांचा नुसता घरघराट. टायवाला ओरडून ओरडून गाडीचे गुण सांगत होता आणि हे त्याला एकेक टोला परत देत होते. तो म्हणाला, मागे तीन जण आरामात बसतात. हे म्हणाले, ‘आमची ही तिघांची जागा घेऊन बसलीय, मोजमाप करतेय.’ मला राग आला पण बरंही वाटलं. किती दिवसांनी खुलले होते. दुसरी निळी, वापरलेली, एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंची. जरा शांत होती. त्यात हे अर्धे बोलले, अर्धे नुसते हसले.

तिसरी करडी. भिंगरी, ती गाडी तुझ्या गाडीच्या पाठची बहीण म्हणावी अशी. दार लावलं तर कपाटाचा खण सरकवल्यासारखा आवाज. गुळगुळीत रस्त्यावर सत्तावन्न, आणि खडबडीतही फारशी चढली नाही. मला माझ्या श्वासाचा आवाज येत होता. टायवालाही, म्हणजे हा दुसरा, लाल टायचा, देवळात बोलावं तसं हळू बोलत होता. अशा गाडीत आवाज आपोआप खाली येतो ना. त्याने विचारलं, ‘काका, घरी किती माणसं?’ हे म्हणाले, ‘हो, छान आहे.’ त्याने विचारलं, रोज किती चालवाल? यांनी मान हलवली आणि काचेबाहेर बघत हसले. त्याला वाटलं काका मोठे मुरलेले गिऱ्हाईक दिसतात, तोंडच उघडत नाहीत. घाबरून त्याने आधी पायपुसणी फुकट देतो म्हटलं, मग सीटांचे अभ्रे, मग पहिली दोन वेळची दुरुस्ती. हे आपले समोर बघत शांत. माझ्यासारखीला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पुलापर्यंत अजून काय काय फुकट मिळालं असतं देव जाणे. पण माझा हात यांच्या कानाशी होता, आणि मी फोनच्या आकड्याकडे बघायची सोडून त्या कानाकडेच बघायला लागले. पांढऱ्या गाडीत टोले देणारा माणूस हाच का? मला आठवलं, ‘गार मस्त करते गं ही.’

मला खात्री करून घ्यायची होती. एका फेरीच्या भरवशावर मी भेंडीसुद्धा घेत नाही. लाल टायवाल्याला म्हटलं, आकडा नीट आला नाही, परत न्या टाकीपासून. तो बिचारा नेतोय. खडबडीत रस्ता लागायच्या आधी, अगदी घरातल्या आवाजात, यांच्या डोक्यामागून मी म्हटलं, ‘अहो, तुमची आरामखुर्ची मी भंगारवाल्याला देऊन टाकली.’ तुला ती खुर्ची ठाऊक आहे. तिच्यावर पाहुणा बसला तर हे उभे राहून त्याच्या उठण्याची वाट बघतात. लाल टायवाल्याने आरशातून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी यांनाच भंगारात दिलंय. आणि हे? हे समोर बघून म्हणाले, ‘खड्डे अजिबात कळत नाहीत हो हिच्यात.’ गाडी परत दिली, आम्ही डबड्यात बसलो, हे चालवायला, मी शेजारी. पत्रा खडखडतोय, काच किणकिणतेय, खालून वारा येतोय. फोन कानाशी धरला तर अठ्ठ्याहत्तर. मी तेच वाक्य म्हटलं, डबड्यात बोलतो तसं आवाज चढवून. यांनी भर रस्त्यात ब्रेक दाबला. मागच्याने भोंगा वाजवला. ‘कुणाला विचारून दिलीस?’ पुढचे दोन चौक मी खुर्ची घरीच आहे म्हणून शपथा घेत होते आणि माझे डोळे भरून येत होते, आणि यांना वाटत होतं मी खुर्चीसाठी रडतेय.

तू म्हणशील, एवढी वर्षं एका घरात राहून तुला कळलं कसं नाही. मीही स्वतःला तेच विचारलं, आणि उत्तर मिळाल्यावर स्वतःला सोडून दिलं. बायकोचं न ऐकणं हा काही नवऱ्यांमध्ये दुर्मीळ आजार नाही. मी हाक मारावी आणि यांनी दुसऱ्या हाकेला ओ द्यावी, हे लग्नापासूनचं. त्यात मी ओट्यापाशी असले की मिक्सरवर, नळावर आवाज चढवूनच बोलते. समोरासमोर बसलो की हे माझ्या तोंडाकडे बघतात, मला आपलं वाटायचं काय प्रेमाने ऐकतोय माणूस. गाडीत मात्र दोघंही समोर बघतात, तोंड दिसत नाही. आणि यांचा सगळा जन्म छापखान्यात गेला. तिथे यंत्रं सुरू झाली की मालकापासून शाई लावणाऱ्यापर्यंत सगळे ओरडूनच बोलतात. तिथे यांच्यासारखं चांगलं कुणालाच ऐकू यायचं नाही, सगळे म्हणायचे याचे कान ससाण्याचे. निवृत्त झाले आणि शांत घरात येऊन बसले, आणि आपण म्हणायला लागलो की घरी बसल्यापासून हे घुमे झाले. आणखी एक सांगते. हे स्वतः किती हळू बोलतात! आपण म्हणायचो, शांत स्वभावाचा माणूस. स्वभाव शांत आहेच, पण तेवढंच नाहीये ते.

कानाच्या डॉक्टरकडे न्यायला वेळ लागला. ‘माझे कान ठणठणीत आहेत. खुर्ची दिलीस म्हणालीस ते ऐकलं की नाही?’ मी समोर बसले, तोंड नीट दिसेल अशी, आणि सांगितलं, की तेच मी आधी करड्या गाडीत सांगितलं होतं आणि तुम्ही खड्ड्यांचं कौतुक केलंत. मग ते दमलेल्या माणसासारखे मागे टेकले. दुसऱ्या दिवशी स्वतःच शर्ट घालून तयार. डॉक्टर तरुण मुलगी आहे, तुझ्याच वयाची, आणि समजावून सांगायला कंटाळत नाही. तिने यांना काचेच्या खोलीत बसवून कानात बारीक बारीक आवाज सोडले. मग सांगितलं, की कानाच्या आत एक इवलंसं हाड असतं, ते हललं की आवाज आत जातो. यांचं ते हळूहळू आखडत गेलंय. छापखान्याने ते झालं नाही, छापखान्याने ते फक्त लपवलं. अशा माणसाला शांत जागी हळू बोललेलं पोचत नाही. गोंगाटात समोरचा आपसूक आवाज चढवतो, आणि मागचा घरघराट त्या आखडलेल्या हाडापाशीच अडतो, म्हणून बोलणं नेमकं पोचतं. आणि स्वतःचा आवाज यांना डोक्यात घुमल्यासारखा मोठा वाटतो, म्हणून हे हळू बोलतात. मी विचारलं, म्हणजे हे मुद्दाम करत नव्हते? ती हसली, म्हणाली, ‘काकू, गेली कित्येक वर्षं काका मुद्दाम फक्त एकच गोष्ट करत आलेत, कुणाला कळू न देणं.’ उपाय आहे. लहानशी शस्त्रक्रिया, नाहीतर कानातलं यंत्र. हे आधी नको म्हणाले. मी म्हटलं, दाराच्या बिजागरीला तेल घालता ना, मग या हाडाने काय घोडं मारलंय? पुढच्या महिन्यातली तारीख घेतलीय. तू त्याची काळजी करू नकोस. ती मी देवावर आणि त्या मुलीवर सोपवलीय, दोघंही कामाला पक्की दिसतात.

दवाखान्यातून परत येताना डबड्यात होतो. खडबडीत रस्ता लागला आणि हे काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. गंमत बघ, मला. मी म्हटलं, काय? ते परत बोलले, तेवढ्याच हळू. मी ओरडले, अहो, मोठ्याने बोला, मला कळत नाही! आणि पहिल्यांदा, लग्नानंतर पहिल्यांदा म्हटलं तरी चालेल, तुझे बाबा ओरडून बोलले. म्हणाले, ‘पोरगी माझ्यावर का रागावलीय?’ मग यांचं सगळंच बाहेर आलं, ओरडतच. की त्या दिवशी तुझ्या गाडीत तू किती वेळ बोलत होतीस. यांना कडेने फक्त तुझे ओठ हलताना दिसत होते. दोनदा काय म्हणून विचारावंसं वाटलं. पण लेकीने दोन वर्षं घालून गाडी शांत केली, कुजबुजलं तरी ऐकू यावं म्हणून, आणि तिच्याच बापाने त्यात बसून मला ऐकू येत नाही म्हणायचं? ‘तिच्या कामाला नाव ठेवल्यासारखं झालं असतं गं.’ म्हणून मान हलवली. म्हणून गार मस्त करते म्हणाले, कारण गार लागत होतं तेवढं तरी खरं होतं. फोनवरही तू हळू बोलतेस, म्हणून माझ्या हातात देतात. आणि तुझी गाडी घ्यायला नको म्हणाले ते याच भीतीने, की रोज त्या शांततेत बसायचं आणि रोज पकडलं जायचं. डबड्यात सगळे ओरडतात, तिथे ते तुमच्याआमच्यासारखे असतात. एवढं बोलून त्यांनी परत विचारलं, काय बोलली ती त्या दिवशी, तुला ठाऊक असेल तर सांग. माझ्या ओठांवर आलं होतं सगळं, सीटवाला, छोटी, सगळं. मी दिवा आठवला आणि जीभ दातांखाली धरली. म्हटलं, मला बोलायची बंदी आहे, जिचं आहे तिच्याकडूनच ऐका.

म्हणून हे पत्र. शपथ तुझ्याबद्दल त्यांना सांगायची नाही अशी आहे, त्यांच्याबद्दल तुला सांगायची नाही अशी नाही; चार वेळा विचार करून बघितलं, देवालाही विचारलं, कुठे मोडत नाही. त्यांनी तुला नाही म्हटलेलं नाही, भिंगरी. त्यांना अजून विचारलंच गेलेलं नाही. तेव्हा रविवारी ये. शस्त्रक्रियेची वाट बघत बसू नकोस, यंत्राचीही नाही, आणि तुझी शांत गाडी आणू नकोस, बसने ये. नव्या गाडीचं मी थांबवून ठेवलंय, लाल टायवाल्याचे रोज फोन येतात, अजून काय काय फुकट देतो ते ऐकून ठेवतेय. बाबांना म्हण, मला डबड्यातून फिरवा. तू पुढे बस, मागचं दार उघडत नाही हे विसरू नकोस. टाकीपाशी काही बोलू नकोस, तो रस्ता गुळगुळीत आहे. खडबडीत लागला की काच पूर्ण खाली कर, आणि जे त्या दिवशी हळू सांगितलंस ते सगळं ओरडून सांग, लहानपणी गच्चीवरून मला हाका मारायचीस तशी. लाजू नकोस, डबड्याच्या खडखडाटात बाहेर कुणाला काही ऐकू जात नाही. मी घरी दिवा लावून बसेन. ते काय म्हणतील ते मी तुला आत्ता सांगू शकत नाही, ते त्यांचं त्यांनाच म्हणू दे. पण एक छातीठोकपणे सांगते, गार मस्त करते असं या वेळी म्हणणार नाहीत. डबड्यात गार करायचं यंत्रच नाही.

रविवारी तुझ्या वाटेकडे कान लावून बसणारी,
तुझीच
आई